दाराजवळची जागा

सुरिनाम
मॉरिशस
१३ मे १९६२

चिरंजीव पुष्पावती,

आईचे आशीर्वाद तुला, जावईबापूंना आणि छोट्या विमलाला.

हे पत्र नेहमीप्रमाणे यशपाल मास्तर लिहून देत आहेत. मी सांगते, ते लिहितात. लहानपणी देवळाच्या पडवीत तू त्यांच्यापुढेच पाटी घेऊन बसायचीस, तेव्हा अक्षर लागत नाही असं काही नसणार. वाचायची अडचण नाही हे मलाही कळतं. दोन वर्षांत तीन पत्रं गेली आणि उत्तर एकाचंही आलं नाही.

इकडे सगळं ठीक. पुढच्या महिन्यात ऊसतोडणी सुरू होईल. तुझे बापू गेल्यापासून आपला तुकडा शेजारच्या चंद्रकलेचा नवरा बघतो. शेळीला दोन पिल्लं झाली.

साठ सालच्या करोल वादळात छप्पर उडालं असं मी तुला खोटं का कळवलं, हे तू शेवटच्या पत्रात विचारलं होतंस. त्याचं उत्तर असं की तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी करतात हे मला कुणी शिकवायला नको. पण एकट्या बाईला ते झेपलं नसतं. एवढंच. मास्तर विचारतात, "एवढंच" लिहू का? लिहा म्हटलं.

हल्ली माझे उपास वाढलेत. संकष्टी, एकादशी, सोमवार तर आहेतच, शिवाय कुठे जायचं असेल तर आदल्या दिवसापासून मी काही खात नाही. गाव म्हणतं, अनुसया देवाला लागली. म्हणू दे.

तुझी आई
अनुसया

ता. क. मी यशपाल. हे पत्र सांगताना तुझ्या आई पाऊण तास उभ्याच होत्या. चटई टाकली, दोनदा म्हटलं बसा, बसल्या नाहीत. तब्येत बरी आहे म्हणतात. मला तसं दिसत नाही.


सुरिनाम
२० सप्टेंबर १९६२

चिरंजीव पुष्पावती,

आशीर्वाद. गणपती होऊन गेले. मूर्ती चंद्रकलेच्या घरी बसवली होती. देवळाचं मंडळ, झाकरी नाचणारे, सगळे होते. मी आरतीला गेले नाही आणि विसर्जनाला समुद्रावरही गेले नाही. पाय सुजला होता.

मिरवणूक आपल्या दारावरून गेली. चंद्रकलेनं हाक मारली, "वयनी, येतस ना गो?" मी आतूनच सांगितलं, पाय दुखतोय. ढोलकी पार समुद्रापर्यंत ऐकू येत होती. दार लावून बसले होते. फार एकटं वाटलं.

तू लहान असताना बापूंच्या खांद्यावर बसून जायचीस आणि मूर्ती पाण्यात गेली की भोकाड पसरायचीस. विमला कुणाच्या खांद्यावर बसते?

मास्तर माझ्या पायाकडे बघताहेत. त्यांना म्हटलं, लिहायचं काम तुमचं, बघायचं नाही.

तुझी आई
अनुसया

ता. क. "फार एकटं वाटलं" हे वाक्य तुझ्या आईंनी खोडायला सांगितलं होतं. मी खोडलं नाही. त्यांना वाचता येत नाही म्हणून हे धाडस केलं. यशपाल.


सुरिनाम
८ मार्च १९६४

पुष्पा,

हे अक्षर माझं आहे. हसू नकोस. एका पानाला मला तीन दिवस लागतात.

दर शनिवारी दुपारी मी मास्तरांच्या वर्गाला जाते. वर्गात अकरा मुलं आणि एक म्हातारी. मुलं इथल्या क्रेओल बोलीत एकमेकांना विचारतात, ही आजी नापास झाली होती का? मी मराठीत सांगते, होय, बासष्ट वर्षं नापास होत होते. त्यांना निम्मं कळतं, पण हसतात पूर्ण.

मी दाराजवळ बसते. मास्तरांनी काही न विचारता माझी चटई तिथे सरकवली. ते वाक्य खोडलं नव्हतं हेही त्यांनी कबूल केलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, पुढच्या शनिवारी पुन्हा वर्गाला गेले.

या वयात हे कशाला, असं सगळे विचारतात. पोथी वाचायला, असं मी सांगते. खरं कारण वेगळं आहे. मास्तर कितीही भले असले तरी पुरुष माणूस. काही गोष्टी त्यांच्या हातून तुझ्यापर्यंत पाठवता येत नाहीत.

मधे माझं पोटाचं दुखणं होतं. आता बरंच बरं आहे. सरकारी दवाखान्यात मादाम तेरेझ म्हणून एक नर्स आहे, तिनं सुधारलं. काय ते कधीतरी लिहीन. आज एवढं लिहूनच हात दुखला.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. हात दुखत नाही. धीर होत नाही.

आई


सुरिनाम
१८ ऑक्टोबर १९६५

पुष्पा,

काल संध्याकाळी चंद्रकला तुमच्या कार्तिए मिलितेर गावच्या लग्नाहून परत आली आणि साडीही न बदलता इकडे आली. मी तांदूळ निवडत होते.

"तुझ्या पुष्पाला बघितलं," म्हणाली. "वाळली गो पोर. एवढ्या उन्हात काळी-निळी साडी. हळदीला नाय आली, पंक्तीला नाय बसली. सगळा वेळ दाराशी खुर्ची घेऊन. पोरगी मांडीवर चढाया बघते तर तिला खाली ठेवते. मी म्हटलं, चल जेवाया, तर म्हणते मावशी, उपास हाय. लग्नात कसला गो उपास? मानी झालीय तुझी लेक. तुझ्यावरच गेली."

ती बोलत होती आणि माझा हात सुपातच राहिला. गडद साडी. दाराजवळची खुर्ची. कुठे जायचं असलं की उपास. पोटावर कुणाचं वजन नको. हे सगळं मी ओळखते, सात वर्षं मी असंच जगले आहे.

माझा अंदाज चुकला असेल तर हे पत्र चुलीत घाल आणि आईला वेड लागलं असं समज. बरोबर असेल तर शेवटपर्यंत वाच. तुमच्या घरात मराठी वाचता येणारी तू एकटीच. जावईबापूंना, देवराजरावांना, फ्रेंच येतं, इंग्रजी येतं, हे येत नाही. एरवी मी त्यांना यावरून टोमणा मारला असता. आज बरं वाटतंय.

पुष्पा, मला शौच धरवत नाही.

हे एक वाक्य लिहिता यावं म्हणून मी दोन वर्षं अक्षरं गिरवली.

सुरुवात जुनी आहे. तुझ्या वेळी मी दोन दिवस अडले होते. सुईण चांगली होती, पण खाली बरंच फाटलं आणि ते तसंच भरून आलं. तुझा यात काही दोष नाही, तू फक्त बाहेर आलीस. पुढं कधीकधी वारा धरवायचा नाही, बाकी काही नव्हतं. ऊस वाहिला, मोळ्या उचलल्या, निभावलं. पन्नाशी उलटली आणि जे धरून होतं ते सुटायला लागलं. पहिल्यांदा झालं ते देवळातच, बापूंच्या वर्षश्राद्धाच्या कीर्तनात. मी उठले आणि मागच्या मागे घरी आले. लोकांना वाटलं नवऱ्याच्या आठवणीनं उठली. मी तसंच वाटू दिलं.

मग मी एक चूक केली, ती सांगते, कारण तूही तीच करत असशील. मला वाटलं ही हगवण आहे. म्हणून पेरूच्या पाल्याचा काढा, नुसता भात, पाणी अगदी कमी. आणि उपास. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, असा माझा हिशेब. लोक पाया पडायला लागले, म्हणजे माझं सोंग चांगलं वठत होतं. आणि दुखणं दर महिन्याला वाढत होतं.

करोल वादळ आलं तेव्हा तुला सातवा लागणार होता. अर्ध्या गावाची छपरं गेली. आपलं राहिलं. त्याच रात्री मला वाटलं, सगळ्यांसारखं आपलंही गेलं असतं तर बरं झालं असतं, पोरीला येऊ नको म्हणायला कारण मिळालं असतं. मग मी म्हटलं, गेलंच असं कळवलं तर कोण बघायला येतंय? आणि मास्तरांकडून तुला लिहिलं.

तू आलीस. मला वाटलं होतं आलीस तर ट्रंक घेऊन येशील, भांडशील. तुझे हात मोकळे होते. तू बाळंतपणाला आलीच नव्हतीस. बेघर झालेल्या आईला स्वतःच्या घरी न्यायला आली होतीस, तेवढं पोट घेऊन, दोन बसगाड्या बदलून. पायरीशी उभी राहून तू वर बघितलंस. पत्रा जिथल्या तिथे होता.

"आये, छप्पर तर हाय."

मी म्हटलं, "हाय. तू जा."

आत दोरीवर फडकी वाळत होती. सकाळपासून तीन लुगडी धुवून झाली होती आणि घराला वास होता. तू आत आली असतीस तर उंबऱ्यातच तुला कळलं असतं. मी स्वतःला समजावलं की सोवळ्याओवळ्याचं बघायला हवं, तान्ह्या जिवाला असे हात लावता येणार नाहीत, तुझ्या सासूनं नाकाला पदर लावला असता तर तुला जन्मभर ऐकावं लागलं असतं. हे सगळं वरवरचं. तुला कळू नये, एवढंच मला हवं होतं. आईचं मन दगडाचं आहे असं तुला वाटलं तरी चालेल, पण हे कळू नये.

तुला पेलाभर पाणीसुद्धा दिलं नाही. आजही रस्त्यात लुगडं खराब होतं तेव्हा लाज वाटते. पण त्या पाण्याची लाज त्याहून मोठी आहे, आणि ती धुता येत नाही.

तुझं बाळंतपण सासरी झालं, तूही अडली होतीस, हे मला महिन्याभरानं दुसऱ्याच्या तोंडून कळलं. मी असते तर काही वेगळं झालं असतं का, ते देवाला माहीत. पण नंतर तू एकटी पडली नसतीस. सव्वा महिना शेकताना, तेल लावताना तू मला सांगितलं असतंस, आणि मी म्हटलं असतं, मला पण.

आता मादाम तेरेझ. दोन वर्षांपूर्वी पोट फुगून दगड झालं तेव्हा चंद्रकलेनं मला जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. तिला बाहेर बसवून मी आत गेले आणि म्हटलं पोट दुखतंय. त्या बाईनं माझ्या लुगड्याकडे बघितलं, दाराला आतून कडी घातली आणि म्हणाली, "ग्रांमेर, पा बिजें ओंते." आजी, लाजू नका. सात वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं तर म्हणणार कोण. मी तिथे खूप रडले. मग तिनं तपासलं.

हगवण नव्हतीच. न खाऊन, न पिऊन आत सगळं कडक होऊन अडकलं होतं, आणि त्याच्या बाजूनं पातळ झिरपत होतं. म्हणजे मी जितका काढा पीत होते तितकं बूच घट्ट करत होते. तिनं एनिमा देऊन तीन दिवसांत पोट मोकळं केलं. मग सांगितलं की शौचाच्या दाराचा जो स्नायू असतो तो बाळंतपणात फाटला, तो आता म्हातारा झालाय, पुरता बरा होणार नाही, पण त्याला शिकवता येतं.

तर मी काय करते ते लिहिते. उपास सोडले, एकादशीसुद्धा. पाणी दिवसभर थोडं थोडं. पालेभाजी, पपई, डाळ. मिरचीनं आणि कडक कॉफीनं मला घाई होते, म्हणून बाहेर जायच्या दिवशी ती दोन्ही बंद. सकाळी उठून गरम चहा आणि भाकरीचा तुकडा, मग लागो न लागो, दहा मिनिटं जाऊन बसायचं. पोटात काही पडलं की आतडं जागं होतं म्हणे. पहिले पंधरा दिवस काही झालं नाही, मी मादामला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग आतड्याला वेळ कळली. सकाळी एकदा नीट झालं की दुपार बरीचशी आपली.

स्नायूचं असं, वारा आवरताना आपण जसं घट्ट धरतो तसं धरायचं, पाच मोजायचे, सोडायचं. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. मी वर्गात बाराखडी म्हणताना करते, कुणाला कळत नाही. तीन महिने गेले तेव्हा फरक दिसला.

पिठाच्या पोत्याच्या मऊ कापडाच्या घड्या शिवल्यात, त्या उकळून उन्हात वाळवते. हो, बाहेर, उन्हात. चंद्रकलेनं विचारलं तर सांगते, म्हातारपण वाळत घातलंय. कातडीला ओल राहू द्यायची नाही, कोमट पाण्यानं धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही, खोबरेल लावायचं. पिशवीत एक लुगडं नेहमी असतं.

अजूनही होतं. गेल्या महिन्यात बाजारात झालं. घरी आले, धुतलं, चहा केला. आधी चार दिवस जेवले नसते.

तुझ्यासारखीचं विचारायला मी आज सकाळीच मादामकडे गेले. नाव सांगितलं नाही. ती म्हणाली, तरुण बाईला डॉक्टरनं तपासायला हवं, बाळंतपणात फाटलेलं कधी कधी टाके घालून नीट करता येतं. माझी वेळ गेली. तुझी गेलेली नाही.

विमलाला मांडीवर घे. पोरीला कळत नाही आई का ढकलते. तिला वाटेल आईचं मन दगडाचं आहे.

आई


सुरिनाम
१४ नोव्हेंबर १९६५

पुष्पा,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. "आई, तुला कसं कळलं?"

मास्तरांकडे नेलं नाही. मी स्वतः वाचलं. पाच वर्षांत तुझं पहिलं पत्र, आणि ते मला वाचता आलं. पुनःपुन्हा वाचलं, प्रत्येक वेळी तेवढंच निघालं, आणि तेवढं पुरे आहे. बाकीचं लिहू नकोस. इथे येऊन बोल.

देवराजरावांना सांग, आईची तब्येत बरी नसते, महिना-सव्वा महिना जावं लागेल. यात खोटं काही नाही. शुक्रवारी सकाळच्या बशीनं निघ. आदल्या दिवशी उपाशी राहू नकोस, रात्री नीट जेव, सकाळी चहा घे, बसून ये आणि मगच बाहेर पड. दाराजवळची जागा धर. कुणी मानी म्हटलं तर म्हणू दे.

रोझ बेलला बस बदलावी लागते. मी तिथे बाजारासमोर उभी असेन. होय, मी एकटीनं तिथपर्यंत येणार आहे, नऊ वर्षांत पहिल्यांदा. बाजारामागे चंद्रकलेच्या बहिणीचं घर आहे, तिथला संडास स्वच्छ आहे आणि मी विचारून ठेवलंय. विचारताना कारण सांगावं लागलं. तुझं नाव घेतलं नाही, माझंच सांगितलं. चंद्रकला उठून माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "म्हणून गणपतीला येत नव्हतीस होय? आणि मी गावभर सांगत फिरले, वयनीला गर्व झालाय." मग डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, खोकताना तिचंही थोडं होतं. बघ, एवढ्याशा गल्लीत आम्ही दोघी आपापली दारं लावून बसलो होतो.

विमलाला घेऊन ये. तिनं मला बघितलेलं नाही, तेव्हा मी कशी आहे हे तिला आधीच सांगू नकोस.

मेथीचे लाडू केले आहेत. पाच वर्षं उशीर झाला, तरी सव्वा महिना तू बाळंतिणीसारखी राहायचं, मी तेल लावीन, तू पडून राहायचं. सोमवारी मादाम तेरेझकडे जाऊ, मी आत तुझ्याबरोबर बसेन. दोरी अंगणात बांधली आहे, लांब, दोघींना पुरेल अशी. पाण्याचा पेला पायरीवर भरून ठेवीन. आधी तो पी, मग आत ये.

छप्पर जागेवर आहे, पुष्पा. ये.

आई